जुन्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरचे पुनरुज्जीवन

जुन्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरचे पुनरुज्जीवन म्हणजे साधारणपणे १९५८ ते १९९० या काळात तयार झालेला, बंद पडलेला किंवा सदोष चालणारा ॲम्प्लिफायर तपासून, त्याचे झिजलेले भाग बदलून आणि त्यातील विद्युतप्रवाह पुन्हा योग्य पातळीवर आणून तो वापरायोग्य करण्याची प्रक्रिया होय. हे काम कार्यशाळांप्रमाणेच घरगुती स्तरावरही केले जाते. त्याची सामान्यतः तीन अंगे मानली जातात: सुरक्षितपणे वीज देऊन तपासणी, भागांची बदली आणि समायोजन. यांपैकी समायोजनाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. परिणामी दुरुस्त झालेला संच काही आठवड्यांतच पुन्हा जळतो.

पार्श्वभूमी

दोन स्वतंत्र वाहिन्यांद्वारे ध्वनिमुद्रण करण्याच्या पद्धतीचे एकस्व ॲलन ब्लुमलाइन या ब्रिटिश अभियंत्याने १९३१ साली नोंदवले होते. परंतु स्टिरिओ तबकड्या बाजारात रूढ झाल्या त्या १९५८ पासून. तोवर ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हवर चालत. १९५६ साली आर.सी.ए. कंपनीतील एच. सी. लिन यांनी निर्गम रोहित्राशिवाय चालणारा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर मांडला आणि पुढील दीड दशकात व्हॉल्व्ह मागे पडले. बास व ट्रेबल कमी-जास्त करण्याचे जे मंडल बहुतेक संचांत आढळते, ते पीटर बॅक्सँडल यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या रचनेवर आधारलेले असते.

भारतात बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक उपक्रमाने व्हॉल्व्ह आणि पुढे ट्रान्झिस्टरही बनवले. १९७० व १९८० च्या दशकांत फिलिप्स, मुंबईची कॉस्मिक, कोलकात्याची सोनोडाइन अशा नावांचे स्टिरिओ मध्यमवर्गीय घरांत आले. आयातीवरील कडक निर्बंधांमुळे जपानी संच दुर्मीळ होते. ते प्रामुख्याने आखाती देशांत नोकरी करून परतणाऱ्यांच्या सामानातून येत. याशिवाय पुण्यातील बुधवार पेठेतली तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड येथून सुटे भाग आणून स्थानिक कारागिरांनी जोडलेले, कोणतेही नाव नसलेले ॲम्प्लिफायरही मोठ्या संख्येने वापरात होते. अशा संचांचा मंडलनकाशा कोठेच मिळत नाही आणि दुरुस्तीतील खरी कसोटी तेथेच लागते.

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगाव ही तमाशाची पंढरी म्हणून ओळखली जाते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्यासारख्या कलावंतांच्या या गावी यात्रेच्या हंगामात फडांच्या राहुट्या पडतात व गावोगावच्या सुपाऱ्या ठरतात. तमाशाच्या फडासाठी वापरला जाणारा ॲम्प्लिफायर मात्र घरगुती स्टिरिओहून मुळातच वेगळा असतो. कर्ण्यांसाठीच्या ॲम्प्लिफायरमध्ये निर्गम रोहित्र असते आणि लांबच्या तारांवरून ७० किंवा १०० व्होल्टच्या पातळीवर ध्वनिसंकेत नेला जातो. त्याची एकच वाहिनी असते. स्टिरिओची निर्गम बाजू ४ ते ८ ओहमच्या स्पीकरसाठी असते आणि ट्रान्झिस्टर संचांत ती स्पीकरला थेट जोडलेली असते. कर्ण्याच्या ॲम्प्लिफायरवर हात बसलेल्या कारागिराने त्याच सवयीने स्टिरिओ हाताळला, निर्गमाची एक तार सांगाड्याला जोडली किंवा दोन्ही वाहिन्यांच्या तारा एकत्र केल्या, तर निर्गम ट्रान्झिस्टर क्षणार्धात जाऊ शकतात.

विजेचा धोका

भारतातील घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो. ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरच्या आतील एकदिश दाब बहुधा ३० ते ५० व्होल्ट असला, तरी स्विच, फ्यूज आणि रोहित्राची प्राथमिक बाजू येथे पूर्ण २३० व्होल्ट असतात व जुन्या संचांत ही टोके अनेकदा उघडीच असतात. व्हॉल्व्हच्या संचात २५० ते ४५० व्होल्टचा एकदिश दाब असतो. तो कपॅसिटरमध्ये साठून राहत असल्याने प्लग काढल्यानंतरही प्राणघातक ठरू शकतो. म्हणून प्लग काढल्यावर सुमारे १ किलोओहमचा, ५ ते १० वॅट क्षमतेचा तारगुंडाळी रोधक विद्युतरोधक पकडीने लावून कपॅसिटर रिकामा करतात आणि दाब शून्य झाल्याची मीटरने खात्री करतात. पेचकसाने टोके जोडून ठिणगी पाडण्याची पद्धत सर्वत्र प्रचलित असली तरी चुकीची आहे. तिने कपॅसिटरला इजा होते आणि वितळलेला धातू उडतो.

चालू संचात मोजमाप करताना एकच हात वापरण्याचा प्रघात आहे, कारण दोन हातांमधून वाहणारा प्रवाह छातीतून जातो. दोन पिनांच्या प्लगचे जुने धातुपेटीचे संच तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या दोरीने पुन्हा जोडावेत, हे उत्तम. गुणगुण कमी करण्यासाठी अर्थची पिन काढून टाकण्याचा उपाय काही ठिकाणी सर्रास केला जातो. रोहित्राचे रोधन तुटले, तर अशा वेळी संपूर्ण पेटीत वीज उतरते.

सिरीज लॅम्प आणि पहिली वीज

अनेक वर्षे बंद असलेला संच थेट भिंतीच्या सॉकेटला लावणे, हे त्याच्या नाशाचे सर्वांत सामान्य कारण आहे. त्याऐवजी वायरमन वापरतात तो सिरीज लॅम्पचा बोर्ड उपयोगी पडतो. यात ६० किंवा १०० वॅटचा तंतूचा पिवळा दिवा संचाशी एकसर जोडलेला असतो. आत कोठे शॉर्ट असल्यास दिवा पूर्ण तेजाने पेटलेला राहतो व संचाला जेमतेम दाब मिळतो. संच ठीक असल्यास दिवा क्षणभर चमकतो आणि मंद होतो. एलईडी दिवा या कामी निरुपयोगी असतो, कारण तप्त झाल्यावर तंतूचा रोध वाढतो या गुणावरच सर्व युक्ती आधारलेली आहे. पिवळे दिवे दुकानांतून नाहीसे होत चालल्याने दुरुस्ती करणारे ते साठवून ठेवतात.

दुसरे साधन म्हणजे डिमरस्टॅट. याने शून्यापासून हळूहळू दाब वाढवता येतो. मात्र ते पुरवठ्यापासून विलग करत नाही, त्यामुळे शॉक बसण्याचा धोका तसाच राहतो. व्हॉल्व्हच्या एकदिशकारकाच्या संचात डिमरस्टॅटचा उपयोग मर्यादित असतो. कमी दाबावर तो व्हॉल्व्ह तापतच नाही, आणि कपॅसिटरवर हळूहळू दाब चढावा हा हेतू साधत नाही.

या टप्प्यावर चांगले स्पीकर जोडत नाहीत. निर्गम ट्रान्झिस्टर शॉर्ट असल्यास पूर्ण एकदिश दाब स्पीकरवर येतो आणि त्याची गुंडाळी जळते. ट्रान्झिस्टर संच स्पीकरशिवाय चालवता येतो. व्हॉल्व्हचा संच मात्र भाराशिवाय चालवू नये. संकेत असताना निर्गम टोके मोकळी राहिल्यास निर्गम रोहित्रात अतिउच्च दाब निर्माण होऊन त्याचे रोधन फुटते. त्याच्यासाठी ८ ओहमचा मोठ्या क्षमतेचा रोधक भार म्हणून जोडतात.

वीज देण्यापूर्वी पेटी उघडून केलेल्या पाहणीत बरेच काही समजते. कोकणपट्टीतील संचांत खाऱ्या हवेने गंजलेले स्विच व सॉकेट आढळतात. जुन्नर-आंबेगावसारख्या भागांत धूळ अधिक असते. झुरळांची विष्ठा आणि पालींची अंडी ही मंडलपट्टीवर दोन्हीकडे सापडतात. विष्ठेतील ओलावा तांब्याचे पट्टे खातो, त्यामुळे मऊ ब्रश व आयसोप्रोपिल अल्कोहोलने केलेली स्वच्छता ही दुरुस्तीच मानावी लागते. तारा सोडवण्याआधी प्रत्येक बाजूची छायाचित्रे घेणे आवश्यक असते.

कपॅसिटर

जुन्या ॲम्प्लिफायरमधील सर्वांत अल्पायुषी भाग म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्यातील द्रव काळानुसार सुकतो, धारकता घटते, अंतर्गत रोध वाढतो आणि काही वेळा द्रव बाहेर झिरपून पट्टी खराब करतो. तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की त्याचे आयुष्य अंदाजे निम्मे होते, असा ठोकताळा आहे. म्हणूनच उष्णताशोषकाशेजारचे कपॅसिटर आधी जातात.

लक्षणे ऐकूनच बहुतेक निदान होते. पुरवठ्याचा मुख्य गाळणी कपॅसिटर निकामी झाल्यास स्पीकरमधून १०० हर्ट्झची खरखरीत घरघर येते, कारण पूर्ण तरंग एकदिशीकरणात ५० हर्ट्झच्या पुरवठ्याची वारंवारता दुप्पट होते. गुळगुळीत, खोल ५० हर्ट्झची गुणगुण असेल, तर दोष बहुधा अर्थच्या दुहेरी जोडणीत किंवा रोहित्राच्या चुंबकीय क्षेत्रात असतो. कपॅसिटर बदलून ती जात नाही. एकाच वाहिनीत बास कमी पडत असेल, तर त्या वाहिनीचा युग्मन किंवा निर्गम कपॅसिटर तपासतात.

नवा कपॅसिटर मूळच्याइतक्या किंवा थोड्या अधिक धारकतेचा, मूळच्याइतक्या किंवा अधिक व्होल्ट क्षमतेचा आणि १०५ अंशांचा घेतात. मुख्य गाळणी कपॅसिटर दुप्पट-तिप्पट करण्याचा मोह टाळणे इष्ट, कारण वीज लावताना बसणारा प्रवाहाचा धक्का त्यामुळे वाढतो आणि जुने एकदिशकारक व स्विच तो सोसू शकत नाहीत. ध्रुव उलटा लागल्यास कपॅसिटर फुटतो. काही संचांत पट्टीवर छापलेली ध्रुवांची खूणच चुकीची असते, म्हणून जुना भाग कसा बसवला होता हे छायाचित्रावरून ताडून पाहतात.

व्हॉल्व्हच्या संचांत कागदी युग्मन कपॅसिटर विशेष घातक असतात. त्यातून एकदिश दाब गळू लागला की निर्गम व्हॉल्व्हच्या ग्रिडवर धन दाब येतो, व्हॉल्व्हची पट्टिका लाल होते आणि शेवटी निर्गम रोहित्र जळते. कपॅसिटर काही रुपयांचा असतो. त्या जातीचे रोहित्र आता पुन्हा गुंडाळून घ्यावे लागते. व्हॉल्व्ह काढून ग्रिडच्या टोकाशी दाब मोजल्यास ही गळती लगेच कळते.

सर्वच कपॅसिटर एकदम बदलावेत की केवळ सदोष, याविषयी मतभेद आहेत. पहिल्या पद्धतीत एका चुकीच्या जोडणीने नवा दोष शिरतो आणि तो जुन्या दोषापासून वेगळा काढता येत नाही. अनुभवी कारागीर एका वाहिनीचे काम पूर्ण करून, संच चालवून मगच दुसरीकडे वळतात.

व्हॉल्यूम कंट्रोल, स्विच आणि सोल्डर

व्हॉल्यूम फिरवताना येणारी खरखर बहुधा धुळीने येते व कार्बनपट्टीसाठीचा संपर्क स्वच्छक फवारून, कंट्रोल पंचवीस-तीस वेळा फिरवल्यावर जाते. गेली नाही, तर आधीच्या टप्प्यातील कपॅसिटरमधून एकदिश दाब गळत असण्याची शक्यता अधिक. तेथे कितीही फवारणी केली तरी उपयोग नसतो. खोबरेल तेल किंवा शिवणयंत्राचे तेल टाकलेले कंट्रोल वरचेवर आढळतात. तेलाने काही दिवस आवाज थांबतो, पण धूळ चिकटून पट्टी कायमची खराब होते.

ड्राय सोल्डर, म्हणजे वरून पक्का दिसणारा पण आतून सुटलेला डाख, तापणाऱ्या भागांच्या पायांशी होतो. संच थंड असताना एक वाहिनी बंद आणि तापल्यावर सुरू, किंवा याच्या उलट, हे त्याचे लक्षण. लाकडी काडीने भाग हळूच हलवून जागा शोधतात व जुना डाख काढून नवा देतात. ६३:३७ प्रमाणातील कथील-शिशाचा डाख १८३ अंशांवर एकदम वितळतो व गोठतो, म्हणून जुन्या पट्ट्यांसाठी तो सोयीचा असतो.

निर्गम ट्रान्झिस्टर

त्या काळातील अनेक संचांत २एन३०५५ हा धातूच्या टोपीचा ट्रान्झिस्टर असतो. त्याची टोपी हेच कलेक्टरचे टोक असल्याने उष्णताशोषक व टोपी यांच्यामध्ये अभ्रकाची चकती आणि दोन्ही बाजूंना उष्णतावाहक लेप लागतो. चकती फाटली तर पुरवठाच शॉर्ट होतो. एक ट्रान्झिस्टर गेला असल्यास त्याचा जोडीदार, चालक ट्रान्झिस्टर आणि एमिटर रोधक हे सर्व तपासल्याखेरीज नवा बसवत नाहीत. मूळ कारण शिल्लक राहिले तर नवा भागही जातो.

बाजारात नकली ट्रान्झिस्टरांचे प्रमाण मोठे आहे. आतील सिलिकॉनचा तुकडा लहान असल्याने ते कमी आवाजात टिकतात आणि आवाज वाढवताच जळतात. हीच अडचण एसटीके मालिकेच्या संकरित मोड्यूलांची आहे. १९८० च्या दशकातील असंख्य संच त्यांवर चालत. उत्पादन थांबल्यावर जुन्या संचांतून काढलेले मूळ मोड्यूल नव्या नकलीपेक्षा विश्वसनीय ठरू लागले.

समायोजन

निर्गम टप्प्यातील दोन ट्रान्झिस्टर संकेताचा एकेक अर्धा भाग हाताळतात. एकाकडून दुसऱ्याकडे काम जाताना खंड पडू नये म्हणून संकेत नसतानाही दोघांतून थोडा प्रवाह वाहता ठेवावा लागतो. त्याला बायस किंवा स्थिर प्रवाह म्हणतात. तो कमी पडला तर हळू आवाजातले गाणे खरखरीत व कोरडे लागते. मोठ्या आवाजात हा दोष झाकला जातो, त्यामुळे तो दुकानात लक्षात येत नाही आणि रात्री घरी जाणवतो. प्रवाह जास्त झाला तर ट्रान्झिस्टर तापतो, तापल्याने आणखी प्रवाह वाहतो आणि हे चक्र थांबले नाही तर तो जळतो.

मोजमापासाठी प्रवाहाचे मंडल तोडावे लागत नाही. एमिटर रोधकावरचा दाब मिलिव्होल्टमध्ये मोजून ओहमच्या नियमाने प्रवाह काढतात. रोधक ०.२२ ओहमचा आणि दाब ११ मिलिव्होल्ट असेल, तर प्रवाह ५० मिलिॲम्पिअर होतो. योग्य आकडा त्या संचाच्या सेवापुस्तिकेतूनच घ्यावा लागतो. प्रत्येक रचनेसाठी तो वेगळा असतो. समायोजनापूर्वी सिरीज लॅम्प काढून पूर्ण २३० व्होल्ट देणे गरजेचे असते, कारण लॅम्पमुळे कमी झालेल्या दाबावर लावलेला बायस पूर्ण दाबावर जास्त होतो. व्हॉल्यूम शून्यावर, इनपुट बंद, स्पीकर काढलेले, आणि मीटरची टोके संच बंद असतानाच चिमट्यांनी लावलेली, अशी तयारी हवी. हातात धरलेले टोक घसरून शेजारच्या पायाला लागले, की दुरुस्त झालेली वाहिनी तिथेच संपते. संच पंधरा-वीस मिनिटे तापल्यावर आकडा पुन्हा पाहतात व गरजेप्रमाणे सुधारतात.

बायसचा जुना उघडा प्रीसेट हा या सर्व व्यवस्थेतला कच्चा दुवा आहे. त्याचा सरकता संपर्क क्षणभर सुटला तरी काही रचनांत बायस कमाल होतो. म्हणून फिरवण्यापूर्वी त्याचा रोध मोजून नोंदवतात, तो बंद प्रकारच्या नव्या प्रीसेटने बदलतात आणि सुरुवात किमान प्रवाहाच्या बाजूने करतात. ही बाजू प्रत्येक मंडलात वेगळी असते. ‘डावीकडे म्हणजे कमी’ असे गृहीत धरता येत नाही.

दुसरे समायोजन निर्गमावरील एकदिश दाबाचे. धन-ऋण दुहेरी पुरवठ्याच्या संचात स्पीकरच्या टोकांशी हा दाब शून्याजवळ असावा; ५० मिलिव्होल्टपर्यंत तो सहसा चालवून घेतला जातो. एकेरी पुरवठ्याच्या संचात निर्गम कपॅसिटरच्या आतल्या बाजूला पुरवठ्याच्या निम्मा दाब हवा, म्हणजे पुरवठा ६० व्होल्ट असल्यास ३० व्होल्ट. तो एका बाजूला झुकला तर आवाज वाढवताच तरंगाचा एक माथा आधी कापला जातो.

नकाशा नसलेल्या संचात स्टिरिओ असण्याचाच मोठा आधार मिळतो. दोन्ही वाहिन्या सारख्याच बांधलेल्या असतात; चालू वाहिनीतील प्रत्येक टोकाचा दाब लिहून घेतला की बंद वाहिनीसाठी तोच नकाशा होतो. दोन्ही वाहिन्या बंद असतील, तर दोष प्रथम सामाईक पुरवठ्यात शोधतात.

शेवटी १ किलोहर्ट्झचा संकेत देऊन ८ ओहमच्या भारावर दाब मोजतात. तरंग कापला जाण्यापूर्वी १२.६ व्होल्ट मिळाले तर शक्ती सुमारे २० वॅट होते. ऑसिलोस्कोप नसल्यास मध्यम लहरींचा रेडिओ जवळ धरण्याची जुनी युक्ती अपुरी पण उपयोगी आहे: ॲम्प्लिफायर उच्च वारंवारतेवर स्वतःच दोलन करू लागला असेल, तर रेडिओत अनेकदा शिट्टी किंवा गोंगाट उमटतो. अशा वेळी बायसचा आकडाही स्थिर राहत नाही.

ग्रामीण वीजपुरवठा

शेतीपंप एकदम सुरू झाल्यावर दाब खाली येणे आणि ते बंद होताच वर जाणे, हे द्राक्षे व टोमॅटोच्या बागायती पट्ट्यात नित्याचे असते. २२० व्होल्टसाठी बनलेल्या रोहित्राला २४० व्होल्ट मिळाले, तर आतील सर्व दाब ९ टक्क्यांनी चढतात, व्हॉल्व्हच्या ६.३ व्होल्टच्या तंतूला जवळजवळ ६.९ व्होल्ट मिळतात. मागील बाजूस व्होल्टेज निवडीची सोय असल्यास ती २४० वर ठेवणे श्रेयस्कर. जपानमधील देशांतर्गत वापराचे संच १०० व्होल्टचे असतात आणि त्यांना वेगळे रोहित्र लागते. न्यूट्रल तुटल्यास घरातील दाब ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो. योग्य क्षमतेचा फ्यूज अशा प्रसंगी रोहित्र वाचवण्याची शक्यता तरी ठेवतो. फ्यूजच्या जागी गुंडाळलेली तांब्याची तार, जी जुन्या संचांत हमखास सापडते, ती ही शक्यताही संपवते.

नारायणगावजवळच्या खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही दुर्बीण आहे. रेडिओ गोंगाट कमी असणे हे ही जागा निवडण्यामागील एक कारण होते. ठिणग्या पडणारे स्विच आणि दोलन करणारी सदोष उपकरणे असा गोंगाट निर्माण करतात. दुर्बिणीच्या ग्राहीला आणि तबकडीच्या पिकअपला लागू होणारे तत्त्व एकच आहे: साखळीतील पहिल्या ॲम्प्लिफायरचा गोंगाटच शेवटी ऐकू येतो. त्यामुळे सतत सूं-सूं येणाऱ्या स्टिरिओत निर्गम टप्प्याआधी पहिल्या टप्प्यातला ट्रान्झिस्टर व त्याचे कार्बन रोधक तपासतात.

मूळपणाचा प्रश्न

किती बदलावे, हा या क्षेत्रातील कायमचा वाद आहे. संग्राहक मूळ भाग जपण्याचा आग्रह धरतात. रोज ऐकणारे सुरक्षितता व टिकाऊपणा पाहतात. पुरवठ्याची दोरी, फ्यूज आणि गळके कपॅसिटर यांबाबत तडजोड करता येत नाही, कारण तेथे प्रश्न आगीचा आणि जिवाचा असतो. स्वर-नियंत्रणाचे मंडल काढून टाकणे, नवे सॉकेट बसवण्यासाठी पेटीला भोके पाडणे किंवा व्हॉल्व्हच्या जागी आयसी घालणे यांचे समर्थन अवघड आहे. हे बदल परतवता येत नाहीत. मोठ्या गाळणी कपॅसिटरांच्या बाबतीत एक मधला मार्ग रूढ आहे: जुन्या डब्याचा तळ कापून, आतील भाग काढून, त्यातच नवा लहान कपॅसिटर बसवतात, वरून संच पूर्वीसारखाच दिसतो.

काढलेले भाग चिठ्ठी लावून पाकिटात ठेवले जातात. बदललेल्या भागांची यादी, बायसचा व निर्गम दाबाचा आकडा, मोजताना असलेला पुरवठ्याचा दाब आणि तारीख लिहिलेला कागद पेटीच्या आतल्या बाजूला, तापणाऱ्या भागांपासून दूर चिकटवतात, म्हणजे पुढच्या वेळी पेटी उघडणाऱ्याला सुरुवात शून्यापासून करावी लागत नाही.